लहान मेंदूतील तंतुमार्गांचं डिसेक्शन: या चुका टाळा

सेरेबेलमचे, म्हणजे लहान मेंदूचे, तीन पेडंकल (त्याला ब्रेनस्टेमशी जोडणारे तंतूंचे जाड जुडगे) न्यूरोसर्जरीच्या प्रत्येक रेसिडेंटला पाठ असतात. नमुना समोर ठेवून हा जुडगा कुठून आला असं विचारलं की मात्र गाडी अडते. यातला निम्मा घोटाळा स्पॅच्युला (तंतू सोलायची पातळ पट्टी) हातात घेण्याआधीच झालेला असतो.

जोसेफ क्लिंगलर यांनी १९३० च्या दशकात बासेलमध्ये बसवलेली पद्धत आजही वापरतात. फॉर्मॅलिनमध्ये पक्का झालेला मेंदू गोठवायचा. बर्फाचे कण तंतूंमध्ये शिरून त्यांना सुटं करतात. पहिली चूक फॉर्मॅलिनच्या बरणीतच होते. मेंदू तळाशी टेकला की सेरेबेलम चपटा होतो आणि टॉन्सिल (सेरेबेलमच्या खालच्या बाजूचा गोलसर भाग, घशातला नव्हे) आणि डेंटेट (आत खोल असलेलं चेतापेशींचं केंद्र) यांचं एकमेकांशी असलेलं नातं बिघडतं. म्हणून तळाच्या बेसिलर धमनीला दोरा बांधून मेंदू लटकवा. गोठवण्याआधी वाहत्या पाण्याखाली काही तास धुवा, नाहीतर आत मुरलेलं फॉर्मॅलिन बर्फ नीट धरू देत नाही. पाया मॅटर (मेंदूला चिकटलेलं पातळ आवरण) आणि रक्तवाहिन्याही तेव्हाच सोलून काढा. फोलियांच्या, म्हणजे पृष्ठभागावरच्या घड्यांच्या, फटीत राहिलेला पाया मॅटरचा पापुद्रा पुढे ओढताना खालचे तंतू घेऊनच निघतो. मग उणे १० ते १५ अंशांवर निदान आठवडाभर ठेवा.

हत्यार लाकडी, टोक घासून पातळ केलेलं. कापायचं नाही, सोलायचं. तंतू मध्येच तुटू लागले तर जोर वाढवू नका, दिशा बदलून पाहा. बहुतेक वेळा तुम्ही त्यांना आडवे जात असता. आणि एक गोष्ट उघड बोलली जात नाही: मनात मार्ग ठरवूनच बसलात तर स्पॅच्युलाने तो कोरूनही काढता येतो. पुस्तकातलं चित्र मिटून ठेवा.

बाहेरून आत शिरताना आधी लागतो मिडल पेडंकल. तिघांत सगळ्यात मोठा, विरुद्ध बाजूच्या पॉन्टाइन न्यूक्लिअसकडून (ब्रेनस्टेमच्या मधल्या भागातल्या, पॉन्समधल्या, केंद्रांकडून) येणारा. तो पुरता उचलून टाकण्याची घाई नडते, कारण त्याला लागूनच आतल्या अंगाला मेड्युलातून (ब्रेनस्टेमच्या सगळ्यात खालच्या भागातून) वर आलेला इन्फिरियर पेडंकल मागे वळतो आणि त्याच ओढीत निघून येतो. मिडलची एक पट्टी जागेवर राहू द्या.

खरी गफलत सुपीरियर पेडंकलची. डेंटेट म्हणजे सुरकुतलेली पिशवी; तिचं तोंड पुढे आणि मध्याकडे. त्या तोंडातून निघालेले तंतू चौथ्या व्हेंट्रिकलच्या (सेरेबेलम आणि ब्रेनस्टेम यांच्यामधल्या द्रवाने भरलेल्या पोकळीच्या) छताच्या वरच्या अर्ध्या भागाची बाजू बनवत मिडब्रेनकडे, म्हणजे ब्रेनस्टेमच्या वरच्या भागाकडे, जातात. वर गेल्यावर त्यांच्या पृष्ठभागावरून लॅटरल लेम्निस्कस (ऐकण्याच्या मार्गाचा जुडगा) आडवा येतो, आणि पुष्कळ जण त्यालाच सुपीरियर पेडंकल समजून सोलत बसतात. इन्फिरियर कॉलिक्युलसच्या (मिडब्रेनच्या मागच्या उंचवट्याच्या) पातळीवर होणारी सुपीरियर पेडंकलच्या तंतूंची फुली, म्हणजे डावे-उजवे तंतू बाजू बदलतात ती जागा, मागून शोधूनही सापडत नाही. ती अ‍ॅक्विडक्टच्या (मिडब्रेनमधल्या अरुंद नळीच्या) पुढे, टेगमेंटम या भागात खोल असते. तिथून तंतू विरुद्ध बाजूच्या रेड न्यूक्लिअसकडे आणि थॅलॅमसकडे जातात. कॉर्टेक्समधून (मोठ्या मेंदूच्या बाहेरच्या थरातून) उतरणारा मार्ग पुन्हा बाजू बदलतो, म्हणून डाव्या सेरेबेलमची इजा डाव्याच हातात दिसते. व्हायवात (तोंडी परीक्षेत) इथे हमखास गोंधळ उडतो.

ट्रॅक्टोग्राफीवर (एमआरआयवरून तंतुमार्ग रेखाटण्यावर) डोळे मिटून विसंबू नका. त्यातल्या साध्या डीटीआय तंत्राला तंतूंची फुली झेपत नाही, त्यामुळे हाच मार्ग बाजू न बदलता सरळ वर गेलेला दिसतो. रंगीत चित्र आहे म्हणून ते खरं ठरत नाही.

थिएटरमध्ये हे सगळं कामी येतं ते मुलांच्या मेड्युलोब्लास्टोमात, म्हणजे सेरेबेलमच्या कर्करोगाच्या गाठीत. साधारण चारातल्या एका मुलाची वाचा शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत जाते आणि परत यायला आठवडे, कधी महिने लागतात. पूर्वी सगळा दोष व्हर्मिस (सेरेबेलमचा मधला पट्टा) फाडण्याला दिला जाई. म्हणून टीलोव्हेलर मार्ग रुळला: टॉन्सिल बाजूला सारायचे, टेला कोरॉइडिया आणि इन्फिरियर मेड्युलरी व्हेलम (चौथ्या व्हेंट्रिकलच्या छताचे पातळ पडदे) उघडायचं, व्हर्मिसला हात लावायचा नाही. मार्ग चांगलाच आहे. पण व्हर्मिस वाचला म्हणजे सगळं वाचलं, हा समज अंगाशी येतो, कारण म्यूटिझम, म्हणजे ही वाचा जाणं, या मार्गानंतरही होतो. त्याचा सगळ्यात घट्ट संबंध दिसतो तो दोन्ही बाजूंच्या डेंटेट आणि सुपीरियर पेडंकलच्या इजेशी. छताच्या बाहेरच्या भागात, व्हेलमच्या कडेजवळ, डेंटेटचा उंचवटा असतो. टॉन्सिलचं वरचं टोकही डेंटेटच्या अगदी जवळ. रिट्रॅक्टर वर आणि बाहेर ओढला की ताण नेमका तिथेच पडतो. गाठ दोन्ही पेडंकलना चिकटली असेल तर शेवटचा पापुद्रा खरवडायचा का, हे आधीच ठरवलेलं बरं. माझं मत विचाराल तर दोन्ही बाजूंना हट्ट धरू नये.

शेवटची चूक फॉलो-अपची. काही महिन्यांनी एमआरआयच्या टी-टू चित्रात मेड्युलातलं ऑलिव्ह नावाचं केंद्र फुगलेलं, पांढरं दिसतं आणि गाठ परतली म्हणून घरच्यांच्या पोटात गोळा येतो. डेंटेट, रेड न्यूक्लिअस आणि ऑलिव्ह यांचा त्रिकोण तुटल्यावर ऑलिव्ह असंच सुजतं. डेंटेट किंवा सुपीरियर पेडंकल दुखावला असेल तर विरुद्ध बाजूचं, सेंट्रल टेगमेंटल ट्रॅक्ट (रेड न्यूक्लिअसकडून ऑलिव्हकडे उतरणारा मार्ग) दुखावला असेल तर त्याच बाजूचं. ते कॉन्ट्रास्ट (तपासणीआधी शिरेतून दिलेलं औषध) घेत नाही. टाळू थरथरतेय का तेही टॉर्च लावून पाहा, आणि बाजू जुळत असेल तर बायोप्सीचा विषय काढू नका.