यकृताच्या कॅन्सरमधला शंट: नव्या रेसिडेंटसाठी थोडं अनुभवाचं

ट्रिपल फेज सीटी (रंगद्रव्य शिरेत सोडून तीन वेगवेगळ्या वेळी, म्हणजे फेजमध्ये, काढलेला स्कॅन) उघडला की नव्या रेसिडेंटची नजर थेट गाठीवर जाते. मी ज्युनिअर्सना आधी शिरा बघायला लावते. गाठ तिन्ही फेजमध्ये शोधता येते, शंट, म्हणजे रक्तवाहिन्यांमधला आडमार्ग, मात्र आर्टेरियल फेजमध्ये (रंगद्रव्य धमन्यांत असताना) निसटला की निसटलाच.

निरोगी यकृताला साधारण 75 टक्के रक्त पोर्टल व्हेनमधून (आतड्यांकडून येणारी शीर) मिळतं, उरलेलं हिपॅटिक आर्टरीतून (यकृताची धमनी). हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, म्हणजे यकृताच्या पेशींचा कॅन्सर, मात्र मुख्यतः आर्टरीवर पोसतो. तो पोर्टल व्हेनमध्ये शिरला की आर्टरीचं जोरातलं रक्त तिथे थेट उतरू शकतं. हा आर्टेरिओपोर्टल शंट.

लेट आर्टेरियल फेज, म्हणजे साधारण 35 सेकंदांची चित्रं. यात पोर्टल व्हेन थोडी उजळतेच, म्हणून तुलना महत्त्वाची. आधी पोर्टल व्हेनला मिळणाऱ्या स्प्लेनिक (प्लीहेची) आणि सुपिरिअर मेसेंटेरिक (आतड्यांची) व्हेन बघा. त्या फिक्या असताना यकृतातली एखादी पोर्टल शाखा जवळजवळ आर्टरीइतकी पांढरी दिसली, तर शंट समजा. भोवती बहुधा पाचरीसारखा उजळ भाग असतो, रुंद बाजू यकृताच्या कडेला. सुमारे 70 सेकंदांच्या फेजमध्ये तो आजूबाजूच्या यकृतात मिसळून जातो.

इथे घाई करू नका. सिरोसिसमध्ये (यकृत व्रणांनी कडक होण्याच्या आजारात) गाठीशिवायही छोटे शंट होतात, बायोप्सीनंतरही होतात. आर्टेरियल फेजमध्ये चमकलं, पण वॉशआउट (नंतरच्या फेजमध्ये आजूबाजूपेक्षा काळसर पडणं) नाही, शिरा सरळ आरपार जातायत, तर लगेच कॅन्सरचा शिक्का मारायचा नाही. त्या एका ओळीवर पेशंटचे पुढचे महिने ठरतात. शंका असेल तर एमआरआय किंवा काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन सुचवा.

हिपॅटिक व्हेन (यकृतातून हृदयाकडे रक्त नेणारी शीर) लवकर भरलेली दिसली तर रिपोर्टची वाट न बघता इंटरव्हेन्शनच्या टीमला फोन करा. टेसमध्ये (कॅथेटरने गाठीच्या धमनीत औषध सोडून ती बंद करण्याच्या उपचारात) सोडलेलं औषध आणि कण त्या वाटेने फुफ्फुसात जाऊ शकतात. रेडिओएम्बोलायझेशनआधी (धमनीतून किरणोत्सारी कण सोडण्याआधी) टेक्नेशियम एमएए स्कॅन, म्हणजे चाचणीचे कण सोडून ते कुठे जातात हे बघणारा स्कॅन, करतात तो याचसाठी. एका वेळी फुफ्फुसाला 30 ग्रेपेक्षा (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) जास्त डोस जाऊ नये, अशी मर्यादा पाळतात.

डॉपलरही (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) विसरू नका. पोर्टल व्हेनमध्ये उलटा प्रवाह आणि आर्टरीसारखे ठोके दिसले, तर व्हेरिसेसमधून (अन्ननलिका-जठरातल्या फुगलेल्या शिरांमधून) वारंवार होणाऱ्या रक्तस्रावाचं कारण कदाचित तिथेच सापडेल.

रिपोर्टमध्ये नुसतं ‘शंट आहे’ लिहून भागत नाही. कुठल्या शाखेत, मध्यावर की कडेला, थ्रॉम्बस (शिरेतली गुठळी) आहे का आणि तो स्वतः उजळतो का, हे लिहा. टेसआधी शंट बंद करायचा का, हे टीम त्यावरूनच ठरवते.