जुनं आउटबोर्ड मशीन रखडतंय? कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी या चुका टाळा

१ जूनला मासेमारी बंद झाली की होड्या वर ओढल्या जातात आणि आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून बसवलेली मशिनं पडवीत येतात. नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा दोरी ओढली की तक्रारी सुरू होतात. चालू होतं पण टिकत नाही, चोक ओढला तरच चालतं, थ्रॉटल दिला की घुसमटतं. जुन्या टू-स्ट्रोक मशिनाच्या बाबतीत लगेच कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, खोलला जातो. ही पहिली चूक.

आधी टाकीपासून बघत या. झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला असेल, तर मशीन काही मिनिटं छान चालतं आणि मग मरतं. पाइपमधल्या रबरी फुग्यावरचा बाण मशिनाच्या दिशेला हवा, आणि फुगा दाबून दाबून कडक झाला पाहिजे. होत नसेल तर फुग्यातला व्हॉल्व्ह गेलाय किंवा जोडावरच्या ओ-रिंगमधून हवा ओढली जातेय. चालत्या मशिनाचा जोर उतरला आणि फुगा दाबताच परत आला, तर दोष बहुधा फ्युएल पंपाच्या पडद्यात किंवा पाइपात असतो. उलट, फुगा दाबल्यावर कार्ब्युरेटरमधून पेट्रोल गळायला लागलं, तर फ्लोटची नीडल (आत येणारं पेट्रोल अडवणारी सुई) कचऱ्याने अडकलीय किंवा झिजलीय.

एवढं बघून झालं की कार्ब्युरेटरच्या तळाशी पेट्रोल साठतं त्या वाटीचा खालचा स्क्रू सोडून आतलं पेट्रोल काचेच्या ग्लासात घ्या. जवळ विडी, स्टोव्ह काही नको. ग्लास थोडा वेळ स्थिर ठेवा. तळाला वेगळा थर किंवा थेंब दिसले तर ते पाणी. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते दमट हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी फार झालं की दोन्ही मिळून तळाला बसतात. वाटीत पितळी जेटभोवती (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा तुकडा) हिरवट-पांढरी पूड आणि भिंतींना पिवळसर चिकट थर दिसला, तर पावसाळाभर पेट्रोल आतच राहिलंय असं समजा. पेट्रोल उडून जातं, त्यात मिसळलेलं ऑइल मागे राहतं आणि बारीक वाटा बुजवतं.

कोणती वाट बुजली हे मशीनच सांगतं. कमी वेगावर बंद पडतं पण थ्रॉटल दिल्यावर सुधारतं, तर कमी वेगाचं पायलट जेट बघा. कमी वेगावर ठीक आणि पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल कमी पडत असेल, तर जास्त वेगाचं मेन जेट.

जेटमध्ये तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक जरासं मोठं झालं तरी पेट्रोल-हवेचं प्रमाण कायमचं बिघडतं. कार्ब क्लीनर मारा, थोडा वेळ मुरू द्या, मग डोळ्यांना चष्मा लावून कॉम्प्रेसरची हवा सोडा. जेट उजेडासमोर धरलं की भोक स्वच्छ गोल दिसलं पाहिजे. गॅस्केट आणि ओ-रिंग आधी काढून ठेवा, क्लीनरमध्ये रबर फुगतं. आयडल मिक्श्चर स्क्रू (कमी वेगाचं पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा) काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने आत बसेपर्यंत किती फेरे होतात ते मोजून लिहून ठेवा. जोर लावून आवळला की टोक आणि बैठक दोन्ही खराब होतात, मग तो कधीच नीट जुळत नाही.

चोक अर्धा ओढून धंदा चालवणं ही सगळ्यात महागात पडणारी सवय. या मशिनात ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातं. पेट्रोल कमी पोचलं की पिस्टनला ऑइलही कमी मिळतं आणि तापमान वाढतं. चोक तात्पुरती भर घालतो, पण अडथळा तसाच असतो, आणि पूर्ण थ्रॉटलला पिस्टन जॅम होऊ शकतो. दोन-तीन कार्ब्युरेटरच्या मशिनात एकच बुजला तर त्या एकाच सिलिंडरचा बळी जातो. म्हणून सफाई सगळ्यांची करा.

दुरुस्तीनंतर मशीन कोरडं चालवून बघू नका. पाण्याच्या पिंपात, पंख्यावरच्या पट्टीच्या वरपर्यंत पाणी ठेवून, न्यूट्रलमध्ये चालवा. नाहीतर थंड करायचं पाणी ओढणारा रबरी इंपेलर जळतो.

मशीन पडवीत ठेवण्याआधी पेट्रोलचा पाइप काढून, असंच पाण्यात ठेवून, ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. तरीही वाटीत थोडं पेट्रोल उरतंच, ते खालच्या स्क्रूने काढा. टाकीतलं मिश्रणही ऑगस्टपर्यंत ठेवू नका.