लेझरने चष्म्याचा नंबर काढायचाय? टेबलावर काय होतं ते आधी ऐका

मी नागपुरात धंतोलीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे. लेझरच्या पेशंटची तपासणी करायची आणि त्यांना सगळं समजावून सांगायचं, हे माझं काम. गोंदियाचा असो की यवतमाळचा, पहिला प्रश्न ठरलेला : "ताई, मधातच डोया हालला तं?"

हलू द्या. मशीन बुबुळाचा माग काढत असते. थोडं हललं तर लेझरही सोबत सरकतो, जास्त हललं तर आपोआप थांबतो आणि डोळा जागेवर आला की राहिलेलं काम पुढे सुरू होतं. पापण्या क्लिपने उघड्या धरलेल्या असतात, त्यामुळे मिटण्याची चिंताच नाही. शिंक येतेय असं वाटलं तर बोला, डॉक्टर पेडलवरून पाय काढतात. खरं सांगायचं तर लेझरचा भाग सगळ्यात सोपा. जीव घाबरा होतो तो त्याच्या आधी, आणि त्याबद्दल कोणी विचारतच नाही.

पण सुरुवात तपासणीपासून. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर मऊ लेन्स निदान एक-दोन आठवडे आणि कडक लेन्स तीन-चार आठवडे आधी बंद. लेन्सने कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या काचेसारख्या आवरणाचा, आकार बदलतो आणि मोजमाप चुकतं. लग्न तोंडावर आलंय म्हणून "कालपर्यंतच घातली होती" असं हळूच सांगणाऱ्यांना मी परत पाठवते. वय १८ च्या वर हवं, नंबर वर्षभर स्थिर हवा. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना थांबायचं. कॉर्नियाची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते आणि एक नंबर उतरवायला त्यातले १२ ते १६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जातात. म्हणून पातळ कॉर्निया आणि मोठा नंबर हे गणित जुळत नाही. कॉर्निया शंकूसारखा पुढे येत असेल, म्हणजे केराटोकोनस असेल, तर लॅसिक, म्हणजे पापुद्रा उचलून करायचं लेझर, नाहीच. पडदा तपासायला बाहुली मोठी करणारे थेंब घालतो. त्यानंतर काही तास उन्हात डोळे दिपतात, तेव्हा स्वतः गाडी चालवत येऊ नका. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनो, जाहिरातीतली डोळ्यांची अट आधी वाचा. काही पदांना लेझर चालतं, काहींना नाही.

ऑपरेशनच्या दिवशी पोटभर जेवून या. काजळ, मेकअप, सेंट, डिओ काही नको, त्या वाफेचा लेझरवर परिणाम होतो. इंजेक्शन नाही, भूल फक्त थेंबांची.

आता ते अवघड अर्धं मिनिट. लॅसिकमध्ये कॉर्नियाचा वरचा पातळ पापुद्रा उचलायचा असतो. त्यासाठी डोळ्यावर गोल रिंग ठेवून सक्शन देतात. दाब जाणवतो आणि वीस-तीस सेकंद दिसणं अंधूक होतं, कधी पार काळोख होतो. हे अपेक्षितच असतं. आधी माहीत नसलं की माणूस डोकं मागे ओढतो आणि सक्शन सुटतं. तेवढा वेळ श्वास रोखू नका, हळूहळू चालू ठेवा. मग पापुद्रा बाजूला होतो, सगळं धूसर दिसतं. समोरच्या लुकलुकत्या दिव्याकडे बघत राहायचं. टकटक आवाज येतो, केस जळल्यासारखा वास येतो. डोळा भाजत नाही. हा १९३ नॅनोमीटरचा अतिनील लेझर उष्णतेने न जाळता रेणूंमधले बंध तोडतो. मद्रासचे रंगास्वामी श्रीनिवासन आणि त्यांच्या आयबीएममधल्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये हे पहिल्यांदा टर्की पक्ष्याच्या, जेवणातून उरलेल्या तुकड्यांवर करून पाहिलं होतं! पुढे पापुद्रा जागेवर बसवतात. टाका नाही. दोन्ही डोळे मिळून वीसेक मिनिटं.

पीआरके या लेझरच्या दुसऱ्या पद्धतीत पापुद्रा नसतो, पण पहिले दोन-तीन दिवस चांगलंच दुखतं आणि नजर सावकाश येते. सुट्टी त्या हिशेबाने टाका.

लॅसिकनंतर चार-सहा तास चुरचुरतं, पाणी येतं. घरी जाऊन झोपा. दुसऱ्या दिवशी तपासणी असते, म्हणून त्याच रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला पळू नका. डोळे चोळायचे नाहीत, म्हणजे नाहीतच, पापुद्रा सरकतो. रात्री पारदर्शक शील्ड लावा. आठवडाभर डोळ्यांत पाणी जाऊ देऊ नका, पोहणं महिनाभर बंद.

आपल्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत लेझरची गर्दी होते. हरकत नाही, फक्त कूलरची हवा थेट तोंडावर घेऊ नका. डोळे कोरडे पडणं ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार आहे, ती काही महिने टिकते. तुमचे वंगणाचे थेंब "आता दिसतंय नं, कायले घालायचे" म्हणून सोडू नका. गाडीवर गॉगल हवाच. मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत, धुळीत त्या वर्षी नाही गेलात तर बिघडत नाही. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात, बहुतेकांची हळूहळू कमी होतात. अचानक दुखणं वाढलं, लाली आली किंवा नजर उतरली तर सकाळची वाट पाहू नका, फोन करा.

चाळिशीनंतर वाचायचा चष्मा लेझर केलेल्यांनाही लागतो. आणि ऑपरेशनआधीच्या मोजमापांची फाईल रद्दीत घालू नका. पुढे मोतीबिंदू झाला तर आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढताना डॉक्टर तीच मागतील.