घर वाढवायचं की बदलायचं: कुदळ मारण्याआधीची तयारी

आमच्याकडे हा प्रश्न न्हाणीघरापासून सुरू झाला. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं घर, चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, मधे छोटं राजांगण आणि न्हाणी-संडास मागच्या अंगणात. सासूबाईंनी सत्तरी ओलांडली आणि एका पावसाळी रात्री म्हणाल्या, "म्हाका राती भायर वचपाक भंय दिसता." त्याच वर्षी मुलगी दहावीला गेली आणि तिला अभ्यासाला जागा नव्हती. यजमानांचं म्हणणं पणजीजवळ पर्वरीला फ्लॅट घेऊ, माझं म्हणणं मागच्या बाजूला दोन खोल्या काढू. दीड वर्ष नुसतं बोलणं चाललं. आम्ही प्रश्न उलट्या क्रमानं विचारत होतो: आधी पैसे, मग नकाशा, शेवटी कागद. गोव्यात हे कागदापासूनच सुरू करावं लागतं. तुमच्या घरी तेच बोलणं चालू असेल, तर पुढचं सगळं क्रमानं करून घ्या.

त्याआधी एक वही घ्या आणि महिनाभर घरातल्या प्रत्येकाची अडचण त्यात लिहा, त्याच्याच शब्दांत. "खोल्या कमी पडतात" असं लिहायचं नाही. कोणाला, किती वाजता, काय करताना जागा कमी पडते ते लिहायचं. आमच्या वहीतल्या निम्म्या तक्रारी सामानाच्या निघाल्या. माळ्यावर आणि कोठीच्या खोलीत वीस वर्षांचं साठलेलं होतं, ते काढल्यावर एक अख्खी खोली मोकळी झाली. न्हाणीघराचा प्रश्न मात्र खरा होता आणि तो सामान काढून सुटणारा नव्हता.

आता कागद. एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा) आणि सर्व्हे प्लॅन काढा. शहरात असाल तर त्याऐवजी फॉर्म डी आणि चलता नंबरचा, म्हणजे शहर-सर्व्हेतल्या भूखंडाच्या क्रमांकाचा, नकाशा. उताऱ्यावर कब्जेदार म्हणून कोणाची नावं आहेत ती पाहा, आणि कुळाचा रकाना व 'इतर हक्क' हा रकाना वाचायला विसरू नका. कूळ किंवा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) असेल तर तिथे दिसतो. एक गोष्ट मनात पक्की धरा: उताऱ्यावरचं नाव किंवा घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे. मालकी विक्रीखतातून, दानपत्रातून किंवा वारसाहक्काच्या कागदातून येते. आजोबांच्या नावावर घर आहे आणि आजोबा जाऊन चाळीस वर्षं झाली, अशी स्थिती आपल्याकडे घरोघरी आहे.

तसं असेल तर पुढचा प्रश्न सह्यांचा. गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून मुलींना मुलांच्या बरोबरीनं वाटा आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक असते, वारशानं आलेलीसुद्धा. म्हणजे आमच्या घरावर माझ्या यजमानांचा जितका हक्क, तितकाच मुंबईच्या दिरांचा आणि जाऊबाईंचा, आणि फोंड्याला दिलेल्या नणंदेचा आणि तिच्या यजमानांचासुद्धा. आम्ही मोजल्या तेव्हा सासूबाई धरून नऊ सह्या निघाल्या. सगळ्यांशी प्रेमाचं नातं होतं, तरी प्रत्येकाला हेच वाटत होतं की एकानं आपल्या पैशानं खोल्या बांधल्या तर उद्या वाटणीत त्या कोणाच्या? तो प्रश्न रास्त आहे. तो मनात ठेवून कोणी गप्प बसलं असेल तर तुम्हीच आधी काढा.

वाटे तीन तऱ्हांनी मोकळे होतात. ज्यांना घर नको ते खास नोटरीसमोर वारसाहक्क सोडू शकतात. सगळे राजी असतील तर वाटपाचा दस्त होतो. एकमत होत नसेल तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी, करावी लागते. 2012 च्या उत्तराधिकार कायद्यात त्याची सगळी रीत दिलेली आहे. इन्व्हेंटरीत घराचा लिलाव वारसांच्या आपापसात होऊ शकतो, आणि जो जास्त बोलेल तो इतरांना पैसे देऊन घर घेतो. हे ऐकायला कठोर वाटतं, पण वर्षानुवर्षं मोडकळीला येत गेलेल्या सामाईक घरांपेक्षा मला ते बरं वाटतं. या टप्प्यावर वकिलाला पैसे द्या आणि मन लावून द्या. इथे अडलात तर पुढचं काहीच नको. फ्लॅटचा विचार करा, निदान भाड्याच्या घराचा तरी. परक्याच्या वाट्यावर भिंत घालू नका, तो परका सख्खा भाऊ असला तरी.

घर भाटकाराच्या, म्हणजे दुसऱ्या जमीनमालकाच्या, जमिनीत असेल तर वाट वेगळी. 1975 च्या मुंडकार कायद्यानं घर आणि भोवतालची जागा विकत घेण्याचा हक्क दिलेला आहे, पंचायत क्षेत्रात 300 चौरस मीटर आणि शहरात 200. तो हक्क मामलेदाराकडे आधी पुरा करून घ्या, वाढवण्याचं मग बघा. जमीन कोमुनिदादीची (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची) असेल तर कोमुनिदादीच्या लेखी होकाराशिवाय एक चिराही लावू नका.

मालकी स्वच्छ झाली की जमीन काय करू देते ते पाहा. प्रादेशिक आराखडा 2021 मध्ये तुमचा सर्व्हे नंबर वस्तीच्या क्षेत्रात आहे का, हे नगरनियोजन खात्याच्या तालुका कार्यालयात विचारा. पुष्कळदा जुनं घर वस्तीत आणि मागचं कुळागर किंवा भाताचं शेत शेतीच्या क्षेत्रात असतं, आणि आपण नेमक्या त्या मागच्या बाजूला खोल्या आखतो. रूपांतराची सनद (शेतजमीन बांधकामासाठी वापरण्याची परवानगी) लागते का, हद्दीपासून किती जागा सोडावी लागते, एफएआर, म्हणजे जमिनीच्या मानानं जेवढं बांधता येतं ते, किती उरला आहे, हे तिन्ही प्रश्न एकाच फेरीत विचारून घ्या.

नदीकाठच्यांनी आणखी एक पाहावं. किनारा म्हटला की कळंगुट-कोलवाच डोळ्यांसमोर येतं, पण भरतीचं पाणी मांडवीतून फोंडा-डिचोलीच्या गावांपर्यंत आत चढतं. 2011 च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेप्रमाणे अशा नदीकाठी 100 मीटर किंवा नदीच्या रुंदीइतकं अंतर, यांतलं जे कमी ते, नियमाखाली येतं. तिथे अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती करता येते. जोत्याचं क्षेत्र वाढवणं ही वेगळी गोष्ट, त्याचा अर्ज किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जातो. माड तोडायचा असेल तर वनखात्याची परवानगी लागते. 2016 साली माड झाडांच्या यादीतून काढला होता, 2017 मध्ये तो राज्यवृक्ष म्हणून परत आला, तेव्हा "माडाला परवानगी लागत नाही" असं जुनं ऐकून कुऱ्हाड घालू नका. आम्ही एका माडासाठी खोली तीन फूट सरकवली आणि त्याचा मला आजही आनंद आहे.

मग नकाशा. नगरनियोजन खात्याकडे नोंद असलेल्या अभियंत्याकडूनच काढून घ्या, कारण बांधकामाच्या मजबुतीच्या दाखल्यावर त्याची सही लागते. तांत्रिक मंजुरी, आरोग्य खात्याचा ना-हरकत दाखला आणि शेवटी पंचायतीचा परवाना हा क्रम. जुन्या घराचाच परवाना सापडत नसेल तर आधी त्याचे पुरावे जमवा: जुना सर्व्हे प्लॅन, घर नंबर, घरपट्टीच्या पावत्या. पूर्वी कधी परवान्याशिवाय खोली काढलेली असेल तर तेही अभियंत्यापासून लपवू नका. नकाशात ती दिसते आणि फाईल तिथेच थांबते.

इथपर्यंत झालेला खर्च थोडका आहे. आता भिंतीकडे वळा, आणि इथे घाई करू नका.

आपली जुनी घरं भिंतींवर उभी आहेत, खांबांवर नाहीत. काही चिऱ्याची, काही मातीची, पुष्कळांत दोन्ही. वर मजला चढवता येईल का, हे डोळ्यांनी ठरत नाही. घराच्या दोन कोपऱ्यांत पायाशेजारी छोटे खड्डे घेऊन पाया किती खोल आहे आणि खाली काय आहे ते अभियंत्याला दाखवा. वरचा जांभा कठीण असतो, उघड्यावर आणखी कठीण होतो, पण त्याच्या खाली मऊ, पांढरट-जांभळट शेडी लागते आणि पावसात ती सरकते. मातीच्या भिंतीवर स्लॅबचं वजन घालण्याचा विचार सोडूनच द्या. मजला हवाच असेल तर स्वतंत्र पायाचे खांब उभारून त्यांवर घ्या, आणि तो खर्च धरला की पुष्कळदा आडव्या वाढीपेक्षा महाग पडतो.

आडवी वाढसुद्धा जुन्या भिंतीला चिकटवू नका. नवा पाया काही वर्षं थोडा बसतो, जुना बसून झालेला असतो. दोन्ही एकजीव केलेत तर सांध्यावर चीर पडणारच. मधे इंचभर सांधा मोकळा ठेवा. नव्या पायाची खोदाई जुन्या पायाच्या खाली जाणार असेल तर ती तुकड्यातुकड्यानं करायला सांगा, एकदम लांब चर नको.

आणि छप्पर. आमची चूक इथे झाली. कंत्राटदारानं नव्या खोल्यांची स्लॅब जुन्या कौलांपेक्षा उंच घेतली, आम्हीही मान हलवली. स्लॅबचं पाणी जुन्या कौलांवर आणि कौलांचं पाणी नव्या भिंतीत. दोन पावसाळे त्या कोपऱ्यात पातेली ठेवली. पहिल्या वर्षी डांबर, दुसऱ्या वर्षी पत्रा, तिसऱ्या वर्षी सगळं उखडून रुंद पन्हळ बसवली तेव्हा कुठे थांबलं. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या पावसापुढे दोन छपरांमधला सांधा ही घरातली सगळ्यांत नाजूक जागा. म्हणून नकाशा बघताना पहिला प्रश्न हाच विचारा: पाणी कुठून कुठे जाणार? नवं छप्पर जुन्यापेक्षा खाली असावं, उतार घरापासून दूर असावा, आणि मधे पडवीसारखी छोटी जोडवाट काढता आली तर उत्तम.

वीज आणि पाण्याचं पटकन. भार वाढणार असेल तर वीज खात्याकडे वेळेवर अर्ज करा. शोषखड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर असावा, शेजाऱ्याची विहीरही मोजा. जुन्या मातीच्या भिंतीला शिमिटाचा गिलावा करू नका, आत ओल कोंडते आणि भिंत भुसभुशीत होते.

आता दुसरी बाजू तितक्याच कसोशीनं तपासा, नाहीतर तुलना खोटी ठरेल. फ्लॅटचा कार्पेट एरिया विचारा, इतर कुठलाही आकडा ऐकू नका. 500 चौरस मीटरवरच्या जमिनीवरचा किंवा आठपेक्षा जास्त सदनिकांचा प्रकल्प रेरात (बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणात) नोंदलेला असायला हवा. करार नोंदवल्याशिवाय बिल्डर दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर पाच टक्के जीएसटी लागतो, किफायतशीर घरांच्या मर्यादेत बसला तर एक टक्का, आणि पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या फ्लॅटवर काहीच नाही. बँक तीस लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत देऊ शकते, तीस ते पंचाहत्तर लाखांत ऐंशी, त्यावर पंचाहत्तर. दहा लाखांवरच्या घराच्या किमतीत मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च धरत नाहीत, तो तुमच्या खिशातून. बांधणीच्या बाजूला अंदाजपत्रकावर पंधरा-वीस टक्के वेगळे ठेवा. रेतीचा भाव आणि मिळणं दोन्ही आपल्याकडे बेभरवशाचं.

फ्लॅटच्या हिशेबात एक आकडा बहुतेक जण विसरतात, तो म्हणजे मागे राहणाऱ्या घराचा. कौलारू घर बंद ठेवलं की तीन-चार पावसाळ्यांत वासे वाळवीच्या तोंडी जातात. दरवर्षी शाकारणी करावी लागणार, कोणीतरी दिवा लावायला हवा, झाडलोट हवी. पणजी-पर्वरीला राहणारी किती कुटुंबं चवथीला फ्लॅटला कुलूप लावून गावी येतात! गणपती मूळ घरीच बसतो, त्याच्यावरची फळाफुलांची माटोळी तिथेच बांधायची. तेव्हा फ्लॅट घेणं म्हणजे एक घर सोडून दुसरं घेणं नसून दोन घरं चालवणं आहे. ते पेलणार असेल आणि नोकरी, शाळा, दवाखाना यांसाठी शहर खरंच हवं असेल, तर अपराधी वाटून न घेता जावं. सासूबाईंना गुडघ्यांसाठी महिन्यातून दोनदा बांबोळीच्या सरकारी इस्पितळात न्यावं लागलं असतं, तर आमचाही निर्णय कदाचित वेगळा झाला असता.

शेवटी महिन्यांचा हिशेब. खोदाईचा काळ ऑक्टोबर ते मे, मिरगाच्या आधी छप्पर झाकलेलं हवं. परवाने मिळायला किती महिने लागतील ते आपल्या हातात नाही. म्हणून सुरुवात चवथीला करा. सगळे वारस तेव्हाच एका छपराखाली असतात. उताऱ्याची प्रत आणि हातानं काढलेला साधा नकाशा तयार ठेवा, आरती-जेवणं झाल्यावर ओसरीवर पसरा, आणि बायकांनाही बसवा, कारण सह्या त्यांच्याही आहेत. जो परदेशात आहे त्याला तिथल्या भारतीय वकिलातीत मुखत्यारपत्र करायला सांगा. ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरायचा असतो, ही तारीख त्याच वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा.