रेस बघताना डोळे कुठे ठेवायचे

"मामा, रस्ता सरळ आहे, पुढे कोणी नाही, तरी गाडीचा आवाज का पडला? बिघडली का?"

मेलबर्नची रेस, म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळी साडेनऊ. माझ्या हातातला पोह्यांचा चमचा हातातच राहिला. पंचवीस वर्षं फॉर्म्युला वन बघणारे माझे दोन मित्र यंदा याच कारणाने वैतागून बसलेत, आणि या पोरीने पहिल्याच रेसला नेमकी तीच जागा पकडली. तिला जे समजावलं तेच इथे लिहितो. यंदा नव्याने बघायला बसणार असाल तर उपयोगी पडेल.

मी कळव्याच्या कारशेडमधून रिटायर झालो. लोकलच्या मोटारी आणि ब्रेक यांत आयुष्य गेलं, त्यामुळे उदाहरण लोकलचंच देतो. मुलुंड सुटल्यावर मोटरमन ठाण्यापर्यंत पॉवर देत बसत नाही. बराच आधी बंद करतो, गाडी आपल्या वेगाने येत राहते, मग ब्रेक. २००७च्या सुमारास मुंबईत जे नवे रेक आले त्यांत ब्रेक लागला की मोटारच जनरेटर होते आणि वीज वर तारेत परत जाते. फॉर्म्युला वनमध्ये हीच युक्ती केर्स नावाने २००९ला आली. म्हणजे आम्ही दोन वर्षं पुढे! शेडमध्ये मी हे इतक्या वेळा ऐकवलंय की लोक मला बघून चहाला उठायचे.

फरक एवढाच की लोकलला वर तार आहे. रेसच्या गाडीला वीज स्वतःच्या बॅटरीत साठवावी लागते, आणि ती बॅटरी बघता बघता संपते. २०२६च्या नियमांत विजेची मोटार १२० किलोवॅटवरून ३५० वर गेली, म्हणजे गाडीची जवळपास निम्मी ताकद विजेची. एवढी वीज नुसत्या ब्रेकमधून भरून निघत नाही. म्हणून ड्रायव्हर वळणाच्या आधीच अॅक्सिलरेटरवरून पाय उचलतो. कधी कधी तर पाय पूर्ण दाबलेला असतानाही इंजिनाची काही ताकद बॅटरीकडे वळते आणि गाडी सरळ रस्त्याच्या शेवटी मंदावते. भाचीने ऐकलं ते हेच. बिघाड नव्हता, साठवण चालली होती.

तर पहिली गोष्ट. सगळ्यात पुढच्या गाडीकडे टक लावून बसू नका. पडद्याच्या डावीकडे नावांपुढे गाड्यांमधलं अंतर सांगणारे सेकंदांचे आकडे असतात, रेस तिथे चालते. एक शंभर पानी वही घ्या. तीन रकाने पाडा: लॅप (म्हणजे ट्रॅकची एक फेरी), अंतर, टायरचा रंग. लाल म्हणजे मऊ, पिवळा मधला, पांढरा कडक. सगळ्या बावीस गाड्यांची नोंद करायच्या फंदात पडू नका, मी एकदा पडलो होतो आणि अर्धी रेस लिहिण्यात गेली. एकामागे एक असलेली एकच जोडी निवडा, शक्यतो पाचव्या ते आठव्या क्रमांकातली. पहिल्या पाच लॅप काही लिहू नका, तेव्हा नुसती धक्काबुक्की असते. त्यानंतर दर दोन लॅपला अंतर टिपा.

समजा आकडे असे आले: ३.२, २.६, १.९, १.४, १.३, १.४, १.३. मागचा भराभर जवळ आला आणि अडकला. का? पुढच्या गाडीने घुसळलेली हवा. त्या हवेत मागच्याची पकड जाते, टायर तापतात. आता दोनच वाटा. एक, कसंही करून अंतर एका सेकंदाच्या आत आणायचं. २०११ ते २०२५ असं जवळ आलं की गाडीचा मागचा पंख उघडायला मिळायचा, हवेचा अडथळा कमी होऊन वेग वाढायचा, त्याला डीआरएस म्हणत. आता सरळ रस्त्यावर पंख सगळ्यांचेच उघडतात, आणि एका सेकंदाच्या आत असलेल्याला जास्तीची वीज मिळते. पण ती वापरायला बॅटरीत शिल्लक हवी! ज्याने मागच्या लॅपला जपून घेतलं, तोच आता पुढे जातो.

दुसरी वाट म्हणजे आधी पिटला, म्हणजे ट्रॅकशेजारी टायर बदलायच्या जागी, जाणं. नवे टायर घालून एक-दोन लॅप जोरात मारायच्या आणि पुढचा पिटमधून बाहेर येईपर्यंत त्याच्या पुढे असायचं. याला अंडरकट म्हणतात. समालोचक हा शब्द उच्चारायच्या आधी तुमच्या वहीतल्या १.३ने ते सांगितलेलं असतं.

पूर्वी हे असं नव्हतं. २००४ला फ्रान्समध्ये शूमाकरने चार वेळा पिट करून रेस जिंकली. मधे पेट्रोल भरता यायचं, त्यामुळे टाकी हलकी ठेवायची आणि प्रत्येक लॅप जीव तोडून मारायची. २०१०पासून पेट्रोल भरणं बंद झालं आणि जपण्याचं राज्य सुरू झालं. व्ही-टेन, म्हणजे दहा सिलिंडरच्या इंजिनाचा तो आवाज २००५च्या शेवटी गेला. त्याचं दुःख मला आहे, आणि ते मी या वयात सोडणार नाही. हॅलो, म्हणजे ड्रायव्हरचं डोकं वाचवणारी कॉकपिटवरची कमान, आला तेव्हाही मी चिडलो होतो. गाडीवर चपलेची पट्टी बसवल्यासारखं दिसतं म्हणायचो. मग २०२०ला बहारीनमध्ये ग्रोजाँ या ड्रायव्हरची गाडी कठड्यात घुसून दोन तुकडे झाली आणि त्या आगीतून तो स्वतः चालत बाहेर आला. त्या दिवसापासून त्या पट्टीबद्दल तोंड बंद.

वेळांचं थोडक्यात: युरोपातल्या बहुतेक रेस संध्याकाळी साडेसहाला, जपान सकाळी साडेदहाला. अमेरिकेकडच्या बऱ्याच मध्यरात्रीनंतर, त्या मी दुसऱ्या दिवशी बघतो आणि तोवर फोन बंद ठेवतो.

आणि रेसमध्ये पाऊस आला, गाड्यांवर हिरवे किंवा निळे टायर दिसले, की वही मिटा. अंतराचे आकडे तेव्हा काही सांगत नाहीत. चहा ठेवा, पण गॅसपाशी उभे राहू नका, तेवढ्यात कोणीतरी घसरतो.