यूएसबी हबवर अनेक उपकरणे चालवताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात सदाशिव पेठेतील माझ्या आत्याने फोन करून सांगितले की, आजोबांची सगळी कागदपत्रे स्कॅन करून ठेवलेली हार्ड डिस्क गेली. मी पोहोचलो तेव्हा लॅपटॉपच्या एकाच पोर्टमध्ये अडॅप्टर नसलेला चार तोंडांचा हब होता आणि त्यावर कीबोर्ड, वेबकॅम, चार्जिंगला लावलेला मोबाइल आणि ती डिस्क अशी चार उपकरणे जोडलेली होती. फाइल कॉपी करायला घेतली की डिस्कचा दिवा मिणमिणायचा, आतून टिक्-टिक् असा बारीक आवाज यायचा, आणि क्षणभराने विंडोजचा उपकरण निघाल्याचा व पाठोपाठ पुन्हा जोडल्याचा सूर वाजायचा. डिस्क हबवरून काढून थेट लॅपटॉपला जोडली आणि सगळे फोल्डर जसेच्या तसे उघडले. डिस्कला काहीही झालेले नव्हते, तिला पुरेशी वीज मिळत नव्हती. अशा चांगल्या डिस्क बिघडल्या म्हणून बाजूला टाकल्या जातात, याचे मला फार वाईट वाटते, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

हबची तोंडे मोजणे, वीज न मोजणे

यूएसबी २.० च्या नियमानुसार संगणकाच्या एका पोर्टने ५ व्होल्टला जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर वीज द्यायची असते, तर यूएसबी ३.० मध्ये ही मर्यादा ९०० मिलिअँपिअर आहे. अडॅप्टर नसलेला हब नवी वीज निर्माण करत नाही, तो तेवढीच वीज वाटून देतो. यूएसबी २.० च्या अशा हबने स्वतःसाठी १०० मिलिअँपिअर धरून उरलेल्या चार तोंडांना प्रत्येकी १०० द्यावेत, असा मूळ हिशेब आहे. कीबोर्ड, माउस किंवा पेनड्राइव्ह यांचे काम बहुधा तेवढ्यात निभावते. आत्याच्या डिस्कच्या लेबलवर मात्र ५ व्होल्ट, ०.८५ अँपिअर असे छापलेले होते, म्हणजे ८५० मिलिअँपिअर, आणि फिरणाऱ्या डिस्कला चकती सुरू होतानाच सर्वाधिक वीज लागते. त्यामुळे हब घेण्याआधी प्रत्येक उपकरणाच्या लेबलवरचा अँपिअरचा आकडा कागदावर लिहून त्यांची बेरीज करावी. दहा मिनिटांचे हे काम बहुतेक लोक करत नाहीत.

मॅकवर सिस्टम इन्फर्मेशनमधील यूएसबी विभागात आणि लिनक्सवर ‘एलएसयूएसबी’ या आज्ञेच्या सविस्तर यादीत प्रत्येक उपकरणाने मागितलेले मिलिअँपिअर दिसू शकतात. तो आकडा उपकरणाने स्वतः जाहीर केलेला असतो, प्रत्यक्ष मोजलेला नसतो, हे मात्र ध्यानात ठेवावे.

मोबाइल भिंतीवरच्या चार्जरवरच लावावा. संगणकाच्या हबवर तो सावकाश चार्ज होतो आणि शेजारच्या उपकरणांचा वाटाही खातो.

हाताला लागेल तो अडॅप्टर जोडणे

या लेखातील सर्वांत धोक्याची चूक ही आहे. स्वतःचा अडॅप्टर असलेल्या अनेक हबना गोल पिन असते, आणि घरातल्या वायफाय राउटरच्या अडॅप्टरची पिनही बऱ्याचदा तिच्यात चपखल बसते. परंतु राउटरचा अडॅप्टर अनेकदा १२ व्होल्टचा असतो आणि बहुतेक साध्या हबना ५ व्होल्ट लागतात. पिन बसली म्हणून बटण दाबले, तर हब जळू शकतो आणि त्याच्याबरोबर त्यावरची डिस्क व वेबकॅमही जाऊ शकतात. हबवरचा आणि अडॅप्टरवरचा व्होल्टचा आकडा तंतोतंत जुळला पाहिजे, गोल पिनेच्या चित्रातील अधिक-उणे खुणा दोन्हीकडे सारख्या हव्यात, आणि अडॅप्टरचे अँपिअर हबच्या गरजेइतके किंवा त्याहून जास्त असावेत. अँपिअर जास्त असल्याने काहीही बिघडत नाही, कारण उपकरण हवी तेवढीच वीज ओढते.

सात तोंडांच्या हबबरोबर २ अँपिअरचा अडॅप्टर मिळत असेल, तर सातही तोंडांना ५०० मिलिअँपिअर देण्यासाठीच ३.५ अँपिअर लागतात, हे आठवावे. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत हब घेताना मी खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांपेक्षा अडॅप्टरवरचा बारीक मजकूर आधी वाचतो, आणि त्यावर बीआयएसचे चिन्ह व ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, तेही पाहतो.

काही स्वस्त हब अडॅप्टरची वीज उलट्या दिशेने संगणकातही ढकलतात. हे ओळखण्यासाठी डेस्कटॉप बंद करून त्याचे भिंतीवरचे बटणही बंद करावे, हबचा अडॅप्टर मात्र चालू ठेवावा. थोड्या वेळानेही संगणकातला एखादा दिवा पेटलेला दिसला, तर तो हब वापरू नये.

गुरुवारची वीज आणि लांब केबल

पुण्याच्या अनेक भागांत दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवली जाते. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, म्हणून आपण निर्धास्त असतो, पण हबचा अडॅप्टर भिंतीवर असल्यामुळे त्याची वीज त्याच क्षणी जाते. मग हब बंद पडतो किंवा त्यावरचा सगळा भार लॅपटॉपच्या एका पोर्टवर येतो, आणि डिस्कवर काही लिहिले जात असेल तर ती फाइल अर्धवट राहते. हबचा अडॅप्टर यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरच्या लाइनवर असावा.

केबलकडे फारसे कुणी पाहत नाही. २८ गेजच्या बारीक तारेच्या एक मीटर केबलमध्ये जाऊन-येऊन सुमारे ०.४ ओहम रोध असतो. त्यातून ०.९ अँपिअर वाहिले की जवळपास ०.४ व्होल्ट वाटेतच जातात, आणि ५ व्होल्टमधले एवढे गेले की डिस्क कुरकुरू लागते. डिस्कसाठी आखूड, जाड तारेची केबल घ्यावी, आणि डेस्कटॉप असेल तर ती मागच्या पोर्टला लावावी, कारण पुढची पोर्ट कॅबिनेटमधल्या जादा वायरीने मदरबोर्डला जोडलेली असतात.

दोष नेमका कुठे आहे, हे शोधताना

सगळी उपकरणे काढून एकेक परत जोडावे आणि दर वेळी डिस्कवर एखादी मोठी फाइल कॉपी करून पाहावी. कॉपी सुरू होताच उपकरण तुटत असेल, तर आधी वीज आणि केबल यांवर संशय घ्यावा. बराच वेळ काही न करता ठेवल्यावरच ते तुटत असेल, तर मात्र विंडोजच्या वीजबचतीच्या मांडणीत यूएसबी पोर्ट झोपवण्याचा पर्याय चालू आहे का, ते पाहावे. पोर्टवर अचानक जास्त वीज ओढली गेल्याचा संदेश आला, तर ते उपकरण लगेच काढावे आणि पोर्टमध्ये वाकलेली पिन किंवा धातूचा कण नाही ना, हे बॅटरीच्या उजेडात तपासावे. त्या पोर्टमध्ये पुन्हा पुन्हा तेच उपकरण खुपसत राहू नये.

आत्याच्या घरी आता ५ व्होल्ट, ४ अँपिअरच्या अडॅप्टरचा हब आहे, त्याचा प्लग इन्व्हर्टरच्या सॉकेटमध्ये आहे, आणि अडॅप्टरवर तिच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली आहे : ‘फक्त हबसाठी, राउटरचा नव्हे.’