ओढ्याला काळं पाणी आलं की: हरित लवादाआधीची तयारी

सगळ्यात आधी दोनशे पानी वही आणा. ओढ्याला काळं पाणी दिसलं त्याच दिवशी, तिथेच काठावर उभं राहून लिहा: तारीख, वेळ, पाण्याचा रंग, वास, फेस कुठून कुठवर, मासे मेले असतील तर अंदाजे किती, आणि सोबत कोण होतं. घरी जाऊन लिहू म्हटलं की राहून जातं. आमची शेतं औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला आहेत. आम्ही वर्षभर नुसते फोन केले. दर वेळी 'माणूस पाठवतो' हे उत्तर ऐकलं. शेवटी वकिलांसमोर बसलो, तेव्हा त्यांनी पहिलंच विचारलं, "पाणी पहिल्यांदा कधी बिघडलं?" आम्ही तिघं होतो आणि आमची उत्तरंही तीन निघाली. हातात कागद एकही नव्हता.

त्या प्रश्नावर फार काही अवलंबून असतं. राष्ट्रीय हरित लवाद म्हणजे पर्यावरणाचे वाद ऐकणारं खास न्यायालय. त्याच्या 2010 च्या कायद्यात कलम 14 खाली दाद मागायची तर वाद पहिल्यांदा उद्भवल्यापासून 6 महिन्यांच्या आत जावं लागतं. सबळ कारण दाखवलं तर आणखी फार तर 60 दिवस मिळतात. विहिरीचं पाणी गेलं, पीक जळलं, त्याची भरपाई हवी किंवा ओढा पूर्ववत करून हवा असेल, तर कलम 15 खाली 5 वर्षांची मुदत आहे. आमच्या हातात हीच दुसरी वाट उरली होती. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून वहीबद्दल एवढं सांगतोय.

मग कोणतं दार ठोठवायचं ते ठरवा. दिल्लीचं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ मानकं ठरवतं आणि राज्यांच्या मंडळांना मार्गदर्शन करतं. तुमच्या ओढ्यावर माणूस यायचा तो महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयातून. कारखान्याला संमती देणं, तपासणी करणं, नोटीस काढणं, गरज पडली तर वीज-पाणी तोडायला लावून कारखाना बंद करणं, हे सगळं त्यांच्या हातात आहे. म्हणून लेखी तक्रार आधी तिथे द्या. दोन प्रती न्या, एक आवक विभागात द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेऊनच बाहेर पडा. ही पोच तुमच्या फाइलचं पहिलं पान. रात्री लाउडस्पीकरचा त्रास असेल तर मात्र मंडळाकडे हेलपाटे घालू नका, ते काम पोलिसांचं. तसंच लवाद ज्या कायद्यांखालचे वाद ऐकतो त्यांच्या यादीत वन्यजीव संरक्षण कायदा नाही, त्यामुळे निव्वळ त्या कायद्याखालचं गाऱ्हाणं तिथे चालत नाही.

नमुन्याबद्दल नीट समजून घ्या, कारण इथे भल्याभल्यांची फसगत होते. आपण मिनरल वॉटरच्या बाटलीत भरून आणलेलं काळं पाणी बघणाऱ्याला हादरवतं, पण कायद्यात त्याला फारसं वजन नाही. जल कायद्याच्या, म्हणजे पाण्याचं प्रदूषण रोखणाऱ्या कायद्याच्या, कलम 21 प्रमाणे मंडळाचा अधिकारी कारखान्याच्या माणसाला नोटीस देऊन नमुना घेतो. समोरच्याने मागितलं तर त्याचे दोन भाग होतात, दोन्ही सीलबंद होतात आणि त्यावर दोघांच्या सह्या होतात. तुमचं काम अधिकाऱ्याला योग्य वेळी योग्य जागी आणणं. आमच्याकडे पाणी सुटायचं पहाटे तीनच्या सुमाराला, पावसाळ्यात तर हमखास, आणि पाहणी व्हायची दुपारी बाराला. तेव्हा ओढा अगदी नितळ. वहीतल्या वेळा तक्रारीत उतरवल्या आणि पहाटेच्या पाहणीची लेखी मागणी केली, तेव्हा कुठे खरा नमुना निघाला. पाहणीला गावातले दोघे हजर राहा, पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका. स्वतःची बाटली भरायची तर भरा, बर्फात ठेवून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या. तो अहवाल तपासणी मागायला उपयोगी पडतो.

कारखान्याचं संमतीपत्र मिळवा. मंडळाच्या संकेतस्थळावर शोधा, नाही सापडलं तर माहिती अधिकारात 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून मागा. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते, म्हणून हा अर्ज तक्रारीबरोबरच टाका. त्याच अर्जात आधीच्या नोटिसा, पाहणी अहवाल आणि प्रयोगशाळेचे निकालही मागून घ्या. संमतीपत्रात किती घनमीटर सांडपाणी कुठे सोडायचं आणि कोणत्या मर्यादेत, हे लिहिलेलं असतं. नदी-ओढ्यात सोडायच्या सांडपाण्याला सर्वसाधारण मानकात बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जीवाणूंना लागणारा प्राणवायू) लिटरला 30 मिलिग्रॅम आणि सीओडी (तीच घाण रसायनाने जाळायला लागणारा प्राणवायू) 250 मिलिग्रॅम एवढीच मुभा आहे. अहवालातला आकडा आणि हा आकडा शेजारी शेजारी मांडला की पानभर वर्णनाची गरज उरत नाही.

एवढं करूनही मंडळ हललं नाही, तर लवादाचं पुण्यातलं पश्चिम विभागाचं खंडपीठ आपलं. महाराष्ट्राबरोबर गोवा आणि गुजरातही त्याच्याच कक्षेत येतात. वकील नसला तरी स्वतः उभं राहता येतं. भरपाई मागत नसाल तर शुल्क 1000 रुपये, मागत असाल तर मागितलेल्या रकमेच्या एक टक्का, आणि दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला काहीच नाही. कारखान्याबरोबर मंडळ आणि जिल्हाधिकारी यांनाही प्रतिवादी करा, कारण आदेश निघाला की तो राबवायचा त्यांनीच. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर, सातबारा, पिकाचे फोटो, तलाठ्याचा पंचनामा, दवाखान्याची बिलं, सगळं तारखेच्या क्रमाने लावून पानांवर क्रमांक टाका. मागणी नेमकी लिहा. 'प्रदूषण थांबवा' एवढ्यावर सोडू नका. कोणत्या विहिरी तपासायच्या, टँकर कोणी द्यायचा, गाळ कोणी काढायचा, हे एकेक करून मागा.

आदेश हातात पडला की 90 दिवसांत समोरचा सर्वोच्च न्यायालयात अपील करू शकतो, तेव्हा फाइल बांधून माळ्यावर टाकू नका. आदेशाची प्रत उपप्रादेशिक कार्यालयात नेऊन द्या, तिचीही पोच घ्या, आणि वहीत त्या दिवशीचं पाणी कसं आहे ते लिहा.